लोणच्याच्या बरणीतून पाण्याखाली

मंडळी, पाण्याखालचे फोटो काढायचं माझं वेड तुम्हाला माहीत आहे. तसला कॅमेरा मला परवडत नाही, हेही माहीत आहे. म्हणून आज सकाळी ओहोटीला मी लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेऊन आईच्या मागे निघाले.

आई आगरदांड्याजवळच्या कातळाला चिकटलेल्या शिंपल्यांतली कालवं काढते आणि तिथल्याच डबक्यात धुते. मी फोन उलटा, कॅमेरा तळाशी येईल असा बरणीत उभा केला, टायमर लावला आणि बरणी तोंड वर ठेवून तिच्या गळ्यापर्यंत पाण्यात दाबली. घरात स्मार्टफोन हा एकच. बाबा दुबईहून रोज त्याच्यावरच फोन करतात.

पहिले सगळे फोटो धूसर, सोनेरी आले, पाण्यात ऊन विरघळल्यासारखे. मी हरखून गेले. आईने बरणीला नाक लावलं.

"अगं, लोणच्याचं तेल हाय हे. नीट धुतलीच न्हायस."

तिने पदराने काच आतून पुसली. पुन्हा टायमर. या वेळी फोटोत आईचा हात आला, हिरव्या शेवाळात, बांगड्यांसकट. आणि बोटांभोवती नखाएवढे, आरपार दिसणारे मासे, तिच्या भेगांना तोंड लावून बसलेले.

आईने स्क्रीन डोळ्यांजवळ नेली.

"इतकी वर्षं मला वाटायचं, पानीच गुदगुल्या करतंय."

कालवं तर सगळी धुऊन झाली होती. तरी तिने हात पुन्हा पाण्यात घातला आणि तसाच ठेवला. भरतीचं पाणी चढेपर्यंत आम्ही तिथून उठलो नाही.

तुम्ही उठला असतात?