दोन कुलपांचं दार

पिकलेली निंबोळी पायाखाली चिरडली की तिचा गोडसर कडू वास येतो आणि मला आमच्या चर्चच्या पायऱ्या आठवतात. आई गेली तेव्हा चर्चच्या दाराला दोन कुलपं होती. मंडळीतल्या दोन गटांचा वाद कोर्टात गेला होता आणि प्रत्येकानं आपापलं कुलूप लावलं होतं. शेवटची उपासना आत वेदीपुढे व्हावी, एवढंच आईनं मागितलं होतं. मी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना विनवलं. “काढतो ना, पण आधी त्यांना काढू द्या,” दोघंही म्हणाले. आईची शवपेटी उन्हात, गाडीतच होती. शेवटी बिडकीनहून आलेली मावशी म्हणाली, “ठेवा इथंच पायरीवर. दर शनिवारी हीच तर झाडायची ती.” मग दोन बाजूंना उभ्या असलेल्या माणसांकडं वळून म्हणाली, “आन् दोन्हीकडून धरा बाबांनो. एकाच अंगानं उचलली तर पडंल ती.” कुणी हसलं नाही, पण माणसं पुढं आली. मावशीनं गीत सुरू केलं आणि सगळे एका आवाजात गायले. मंडळी म्हणजे भिंती नव्हेत, ख्रिस्तात एक झालेली माणसं, असं आई म्हणायची. त्या गीतापुरतं ते मला दिसलं. कबरस्तानातून मात्र सगळे दोन वाटांनी परतले. कुलपं अजून तशीच आहेत. त्या दिवशी पेटीला समोरासमोर हात लावणारे दोघं परवा मला भाजीबाजारात एकदमच भेटले. दोघंही आईबद्दल मायेनं बोलले, पण माझ्याशी; एकमेकांकडं त्यांनी पाहिलंही नाही. त्यांच्यामध्ये पिशवी धरून उभी असताना आई गेल्याचं मला पहिल्यांदा नीट कळलं.