तिसऱ्या दिवसाचा अंदाज

शेफाली भोर तालुक्यातल्या भोंगवलीची. अकरा वर्षं पुण्यातल्या एका मराठी वाहिनीवर रोज संध्याकाळी हवामान सांगते. वेळ पन्नास सेकंद. त्यात अख्खं राज्य उरकायचं. नकाशावर पुणे जिल्ह्याला एकच रंग मिळतो. त्याच तालुक्यात वरंधा घाटाकडच्या हिर्डोशीत धो धो कोसळत असताना भोंगवलीत धूळ उडते, हे त्या रंगात कुठं दिसत नाही.

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात तिनं सांगितलं, "पुणे जिल्ह्यात चार दिवस उघडीप." ते ऐकून गावाकडं तिच्या साळूबाई आत्यांनी सोयाबीन कापून रानातच ढीग लावला. तिसऱ्या दिवशी दुपारी दीड तास पाऊस झाला.

रविवारी शेफाली गावी गेली. आत्या भिजलेला ढीग हातानं उलटत होत्या. आतल्या शेंगांना मोड आले होते.

"आत्या, चुकलं माझं."

"तू का पाऊस पाडलास?" आत्यांनी वर पाहिलंच नाही. "फकस्त येवडं सांग, तुज्यावर इस्वास ठिवायचा का न्हाई?"

"दोन दिवसांपुरता ठेवा. पुढचं आमालाबी नक्की कळत न्हाई."

"मंग तसं टीव्हीवर का न्हाई सांगत?"

शेफालीही ढीग उलटायला बसली.

सोमवारी तिनं संपादकांकडं जादा वेळ मागितला. ते म्हणाले, "लोकांना छत्री घ्यायची की नाही, एवढंच हवं असतं." बरीच घासाघीस झाल्यावर दर शुक्रवारी तीस सेकंद मिळाले.

पहिल्या शुक्रवारी ती म्हणाली, "माझ्या अंदाजावर भोर तालुक्यात कापणी झाली आणि पीक भिजलं. हवा तापत चालली आहे. तापलेल्या हवेत बाष्प जास्त मावतं, म्हणून पाऊस थोड्या वेळात भरपूर पडतो. तो नेमका कुठं पडेल, हे चार दिवस आधी सांगता येत नाही. कापणी करणाऱ्यांनी दोन दिवसांपुरतंच धरून चालावं. ताडपत्री रानातच ठेवावी."

मोबाईलवर सतरा प्रतिक्रिया आल्या. नऊ तिच्या साडीबद्दल होत्या. एकानं लिहिलं होतं, "शाळा नको, पाऊस सांगा."

तरी ती दर शुक्रवारी बोलत राहिली. कधी जाहिरात वाढली की तिसाचे पंधरा सेकंद होत. तीच गोष्ट नव्या शब्दांत सांगून सांगून जीभ जड व्हायची. घरी आल्यावर कुणाशी बोलावंसं वाटत नसे.

पुढच्या ऑक्टोबरात आत्यांचा फोन आला. "आज किती पक्कं हाय?"

"आज अन् उद्या पक्कं. परवाचं सांगता येत न्हाई."

आत्यांनी दोन दिवसांत उरकेल तेवढं, म्हणजे अर्धं रान कापलं आणि झाकलं. बाकीचं उभं ठेवलं. तिसऱ्या दिवशी पाऊस आला नाही. चौथ्या दिवशीही आला नाही. पण आभाळ रोज भरून यायचं, म्हणून आत्यांचा हात पुढं होईना. आठवडाभरानं कडक ऊन पडलं आणि उभ्या पिकाच्या शेंगा तडतडा फुटू लागल्या. दाणे मातीत गेले.

ते कळल्यावर शेफाली रविवारी पहिल्या एसटीनं आली आणि विळा घेऊन उरलेल्या पिकाच्या कापणीला लागली. दुपारपर्यंत तिची कंबर धरली, बोटं सोलवटली.

"बस कर आता," आत्या म्हणाल्या. "उद्या तिकडं टीव्हीवर हुबं ऱ्हायचंय तुला."

"हुईल," शेफाली म्हणाली आणि पुढची मूठ धरली.