फक्कीचे बाण

"आधी नदी!" असं म्हणून काका पोह्यांच्या डब्यावर दोन्ही हात आडवे धरून उभे राहायचे. समोर आम्ही घामानं निथळणारे दहा-पंधरा जण, भुकेनं कासावीस. डबा त्यांच्याच घरचा, पोहे काकूंनी केलेले, वर शेव आणि जिरावनचा मसाला भुरभुरवलेला. पण पळत आलेल्या माणसानं नदीत पाय बुडवल्याशिवाय त्याला घास मिळायचा नाही. उन्हाळ्यात पात्र कोरडं पडलं की म्हणायचे, "ओली वाळू शोधा. कुठेतरी असतेच." आम्ही मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत ओली वाळू शोधायचो.

तुम्ही भोपाळचे असाल तर तुम्ही त्यांना नक्की पाहिलं असेल. रविवारी सकाळी होशंगाबाद रोडवर, बाग सेवनियाच्या वळणाशी, विटकी हाफ पँट, काटकुळे पाय आणि डोक्यावर काकूंनी विणलेली गुलाबी टोपी. एवढा शहाणा माणूस अशी टोपी घालून चारचौघांत उभा राहतो, याचंच मला आधी नवल वाटायचं. ते मोठ्या कारखान्यात इंजिनियर होते. नोकरीसाठी सांगलीकडून आले आणि निवृत्त झाल्यावर अयोध्या नगरात घर बांधून इथलेच झाले. मराठी चोख, हिंदी मात्र अगाध. माझे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर इथे आलेले, त्यामुळे आमच्या घरची मराठी कशी असणार ते तुम्ही ओळखलंच असेल. मी "येऊन राहिले" म्हटलं की ते हात जोडायचे. "ताई, या तरी, नाहीतर राहा तरी!"

मला डॉक्टरांनी साखरेपायी चालायला सांगितलं होतं. "चालताय कशाला? पळा," काका म्हणाले आणि मी पन्नाशीला टेकलेली बाई खरंच पळायला लागले. त्यांचं म्हणणं ऐकायचं नाही असं ठरवूनही लोक ऐकायचे.

डांबरी रस्त्याचा त्यांना मनापासून राग होता. "ट्रकचा धूर खायला एवढं पळायचं?" बेतवा, कलियासोत, कोलार या नद्यांच्या खोऱ्यांतल्या पायवाटा त्यांनी एकेक करून धुंडाळल्या होत्या. कधी पळसाच्या रानातून, कधी आशापुरीच्या कोसळलेल्या देवळांच्या दगडांमधून. सगळ्यात आवडती वाट भोजपूरच्या बाजूची. तिथे फार पूर्वी राजानं बांध घालून प्रचंड तळं केलं होतं, पुढे कुणा सुलतानानं बांध फोडला म्हणतात. आता तिथे गव्हाची शेतं आहेत. त्या शेतांच्या बांधावरून पळताना काका मागे वळून ओरडायचे, "आपण पाण्याखाली आहोत! श्वास धरा!" आणि आमच्यातले दोघं-तिघं खरोखर श्वास धरायचे. लांबवर अर्धवट राहिलेलं शंकराचं देऊळ टेकडीवर दिसायचं. अशा सकाळी मला फार सुख वाटायचं.

वाट चुकू नये म्हणून ते आदल्या दिवशी दुपारी जाऊन खुणा करून यायचे. शाळेच्या मैदानावर आखायला वापरतात ती पांढरी फक्की, भोकं पाडलेल्या डब्यात भरलेली. वळण आलं की एक बाण. काकू म्हणायच्या, "घरापुढे रांगोळीचा ठिपका काढता येत नाही, आणि रानभर रांगोळ्या घालतात."

ही फक्कीच एकदा अंगाशी आली. त्या शनिवारी मी त्यांच्याबरोबर होते. बेतवाच्या काठावर एक लहान गाव होतं. नाव सांगत नाही, सांगून आता उपयोगही नाही. गावातल्या शेवटच्या घरापाशी त्यांनी बाण काढला आणि बघता बघता माणसं जमली. दोघांच्या हातात काठ्या.

"कौन-से दफ़्तर से हो?"

"दफ्तर नहीं. हम सिर्फ पळता है," काका म्हणाले.

मी पुढे झाले. "दौड़ते हैं, भैया. सुबह-सुबह."

"काहे के लिए?"

त्या घरातली बाई दारात उभी होती. नदीकाठच्या वाडीत ती आणि तिचा नवरा वांगी-कोथिंबीर लावायचे. ती म्हणाली, "मेरे मायके में भी ऐसे ही चूना डाल गए थे. फिर नहर आई. पूरा आँगन उसी में गया."

काका नदीवर गेले. ओंजळीत पाणी घेऊन, सांडत सांडत, तिच्या दारापर्यंत आले. "बेतवा मैया की सौगंध. ये चूने से तुम्हारा एक ढेकूळ भी नहीं जाएगा."

ढेकूळ म्हणजे काय ते तिला कळलं असेल असं मला वाटत नाही. पण पाणी घेऊन आलेला तो गुलाबी टोपीवाला म्हातारा पाहून ती हसली. काठ्या खाली गेल्या. खाटेवर आम्हाला बसवून तिनं लोटाभर मठ्ठा दिला.

तेव्हापासून ती आमची भाभी झाली आणि ते तिचे दद्दा, घरचेच वडीलधारे. पावसानं, गुरांच्या पायांनी बाण पुसला गेला की भाभी स्वतः छुईच्या पांढऱ्या मातीनं तो परत काढायची. तिचे बाण काकांच्या बाणांहून देखणे असायचे, आणि हे आम्ही काकांना मुद्दाम ऐकवायचो. त्यांची एवढी बडदास्त दुसऱ्या कुठल्याच गावात नव्हती. किती वर्षं हे चाललं ते मी मोजलं नाही.

मग एका वर्षी पावसाळा सरल्यावर आम्ही तिथे पळायला गेलो, तर वाटेवर पिवळे रंगवलेले दगड पुरलेले. नवा रस्ता येणार होता. दगडांची रांग आमच्याच वाटेनं चालली होती आणि बाणाबाणानं वळत भाभीच्या दारातून, वाडीतून, नदीवर उतरली होती.

काकांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. नदीकाठची उंच, टणक, पुराचं पाणी न चढणारी जमीन तेवढीच. कुठलाही इंजिनियर रस्ता तिथूनच नेणार. "मला पळायला जे सोयीचं, ते त्यांना गाड्यांना सोयीचं. योगायोग आहे." आम्ही माना डोलावल्या. डब्यातले पोहे त्या दिवशी तसेच परत गेले.

पुढचे कित्येक महिने त्यांनी कचेऱ्या पालथ्या घातल्या. या साहेबाकडून त्या साहेबाकडे. रस्ता जरा पलीकडून नेता येईल, असा नकाशाही त्यांनी स्वतः काढून नेला. सगळ्यांनी त्यांना चहा पाजला. एका तरुण अधिकाऱ्यानं सहज सांगितलं, "आमच्या माणसांना तिथे चांगली मळलेली वाट सापडली, काम सोपं झालं." ते वाक्य काकांनी घरी आणलं आणि मग ते काही त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

"ताई, माझे बाण बघून तर त्यांनी आखलं नसेल?"

"नाही हो काका. तुम्हीच सांगितलंत ना, जमीनच तशी आहे."

"हो. जमीनच तशी आहे." आणि थोड्या वेळानं पुन्हा, "पण बाण होतेच ना तिथे."

शेवटी ते म्हणाले, भाभीला भेटून येऊ. मी सोबत गेले. घर अजून उभं होतं, कौलं उतरवून ओट्यावर रचून ठेवलेली. मला वाटलं होतं भाभी भांडेल, रडेल. काकांनाही तेच वाटत असावं. शिव्या खायची तयारी करूनच ते आले होते. ती बाहेर आली, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि आत वळून नवऱ्याला म्हणाली, "साहब के लिए कुर्सी लाओ."

नवऱ्यानं प्लास्टिकची खुर्ची आणली, गमछ्यानं पुसली. थाळीत ठेवून काचेच्या ग्लासात पाणी आलं. खाट तिथेच भिंतीला उभी करून ठेवली होती.

"भाभी, ये मैंने नहीं किया."

"हाँ, साहब."

"सच बोलता है मैं."

"हाँ, साहब."

काका त्या खुर्चीत बसले. ग्लास दोन्ही हातांत धरून बसले, प्यायले नाहीत. मला त्या बाईचा राग आला आणि लगेच माझीच लाज वाटली. तिनं काय करायला हवं होतं?

त्यानंतर त्यांचं पळणं संपलं. पाय धड होते, डॉक्टरांनी काही मनाई केली नव्हती. मंडळी थोडे दिवस जमली, मग पांगली. मी रविवारी त्यांच्याकडे जाऊन बसायची. गाव उठलं होतं, माणसं कुठे कुठे गेली ते कुणाला ठाऊक नव्हतं. काका दर वेळी विचारायचे, "भाभी दिसल्या का कुठे? एकदा त्यांच्याशी नीट बोलायचं राहिलंय."

एका संध्याकाळी नेहरू नगरच्या भाजीबाजारात ती दिसली. कोथिंबिरीच्या जुडीचा भाव विचारत होती. मला ओळखून हसली. पलीकडेच लहानसं घर बांधलंय म्हणाली, नवरा कुठल्याशा कॉलनीत चौकीदार आहे. मग जुडी उलटसुलट करून बघत म्हणाली, "साहब अब भी दौड़ते हैं?"

"नहीं."

"उनसे कहना, हमारी तरफ़ न आएँ. अभी-अभी दीवारें उठी हैं." आवाजात राग नव्हता. ओली भिंत आहे, हात लावू नका, असं सांगावं तसं तिनं ते सांगितलं.

त्या थंडीत काका गेले. शेवटच्या रविवारीही त्यांनी विचारलंच, दिसल्या का. मी म्हटलं, नाही.

"दिसतील हो," ते म्हणाले. "भोपाळ असं केवढं मोठं आहे?"