आज समुद्र

माझ्या धाकट्या दिरांइतका हट्टी माणूस रत्नागिरीत दुसरा झाला नाही, आणि न झालेलाच बरा. विशीच्या आत त्यांना मधुमेह लागला. तेव्हा असली पोरं वर्ष-दोन वर्षांत जात, आणि डॉक्टरांनी घरात तसं सांगूनही ठेवलं होतं. तेवढ्यात मुंबईला इन्सुलिन नावाचं टोचायचं औषध आलं आणि भाऊजी राहिले. राहिले ते सगळ्यांच्या नाकावर टिच्चून. लग्नाच्या पंगतीत खिशातून सोनाराचा काटा काढून भात तोलत. वाढपी खोळंबत, यजमान अवघडत, भाऊजींना त्याचं काही नाही. सुई बोथट झाली की देवाच्या सहाणेवर घासत. सासूबाई चिडल्या की म्हणत, "देवाला चंदन लागतं, मला धार. देवाची तक्रार नाही, तुझी का?"

रोज सकाळी पडवीत स्पिरिटच्या दिव्यावर, काचेच्या नळीत, निळं औषध आणि स्वतःची लघवी उकळत बसत. साखर नसली तर निळं तसंच राही, थोडी असली तर हिरवं होई, फार असली तर लाल. त्यांनी नावंच ठेवली होती: समुद्र, भातशेत आणि चिरा, आमच्या भिंतींचा तांबडा दगड. सासूबाई सोवळ्यात चुलीपाशी असत. तिथून विचारत, "आज काय रे?" भाऊजी ओरडत, "समुद्र!" मग त्या पुढच्या कामाला लागत. एकदा मुलगी सांगून आलेल्या गृहस्थांच्या डोळ्यांपुढे भाऊजींनी नळी धरली. म्हणाले, "हा चिरा. आता बोला, देता मुलगी?" गृहस्थ चहाला थांबले नाहीत. मी हसले म्हणून सासूबाईंनी माझ्याशी अबोला धरला.

इन्सुलिन बोटीनं येई. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून नारळी पौर्णिमेपर्यंतच्या बाटल्या आधीच आणाव्या लागत. उबेत ते नासतं, आणि बर्फ कुठला मिळायला? फिरकीच्या तांब्यात बाटल्या भरून तो दोरानं विहिरीत सोडायचा आणि लागेल तशी बाटली काढायची, हे काम माझं.

एका ज्येष्ठात मी बाळंतपणाला माहेरी, मिरजोळ्याला गेले. तांब्या सासूबाईंकडे आला. आत ओल शिरली होती, बाटल्यांवरच्या कागदांना बुरशी धरली होती. आमच्याकडे पावसाळ्यात जपायची वस्तू चुलीवर टांगलेल्या फळीवर जाते: मीठ, काड्यापेट्या, बियाणं. सासूबाईंनी सगळ्या बाटल्या पदरानं पुसून तिथं मांडल्या आणि रोज लागेल ती लेकाच्या हातात दिली.

श्रावणात मी परतले तेव्हा भाऊजींचे गाल बसले होते. कळशीभर पाणी पिऊनही तहान जात नव्हती. मला विहिरीवर गाठून त्यांनी दोर दाखवला. त्याला तांब्याच नव्हता. रोज चिरा का येतो हे त्यांना फळीवर नजर गेल्यावर कळलं होतं, पण तोवर औषध मेलं होतं. मुंबईला तार केली होती, पण घाटात दरड कोसळून मोटारी अडकल्या होत्या. गावात कुणाकडे एक बाटली नव्हती. मी म्हटलं, आत जाऊन सांगते.

"वहिनी, एक अक्षर बोलायचं नाही. तिनं मला बियाण्यात ठेवलंय."

त्यानंतरही सकाळी आतून विचारणा होई, आणि भिंतीसारखी लाल नळी हातात धरून भाऊजी ओरडत, "समुद्र!" शेवटी आवाज राहिला नाही. नळी माझ्यासमोर धरून नुसते बघत राहिले. मीच आत सांगितलं, "समुद्र म्हणतायत."

नारळ समुद्रात पडायच्या आधी ते गेले.

सासूबाई पुढे पुष्कळ जगल्या. येईल त्याला सांगत, "औषधाला मी ओल लागू दिली नाही हो." मी मान हलवत असे. आता त्याही नाहीत, म्हणून लिहिलं. सहाण माझ्याकडे आहे. सुई घासून तिला एक बारीक चर पडलाय. चंदन उगाळताना खोड तिथं अडकतं, आणि हात जरा थांबतो.