काकूंच्या गोळ्या

मी पदवीपर्यंत पोचलो तो काशीच्या काकूंमुळे. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलेलं नव्हतं. काकू आईच्या लांबच्या नात्यातल्या. मुन्शी घाटामागच्या गल्लीत त्यांचं घर होतं, शिकायला मी तिथेच राहिलो. काका महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धकर्मं करत, आणि त्या यजमानांचा सोवळ्यातला स्वयंपाक काकू करत. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून मोठ्याने वाचायचो आणि त्या पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या. स्वतः चौथी शिकलेल्या, पण मी अडलो की म्हणायच्या, "थांबलास का? परीक्षेत काय पोळी लिहिणारेस?" तुपाचा वास आला की अजून मला इतिहासाची पानं आठवतात.

पाळी आली की काकू चार दिवस वरच्या खोलीत बाजूला बसत. ऐन पितृपक्षात ते परवडणारं नव्हतं. कुणीतरी पाळी पुढे ढकलायची गोळी सुचवली. दुकानात काकू कशा जाणार? चिठ्ठी घेऊन मी गेलो. दुकानदाराने काही विचारलं नाही, मीही विचारलं नाही. उपयोगी पडलो याचाच आनंद. पितृपक्षानंतर नवरात्र आलं, मग कार्तिक. मी आणत राहिलो.

हळूहळू काकू गप्प झाल्या. एकदा पोळी तव्यावर करपली आणि त्या पदराने तोंड झाकून रडायला लागल्या. मी पुस्तक मिटून बाहेर निघून गेलो. दुसऱ्या दिवशी काका "मीठ जरा कमी" म्हणाले, तर काकूंनी त्यांच्यापुढचं ताटच उचललं.

"हे नवीन नखरे कुठून आले?" काका माझ्याकडे पाहत म्हणाले.

मग एका सकाळी मी काकूंना स्नानाला चला म्हणालो, तर म्हणाल्या, "घाटावर नको रे. पाणी बघितलं की नको नको ते मनात येतं. झालं काहीच नाही, आणि तरी असं. माझीच मला भीती वाटते."

गोळ्यांआधी काकू अशा नव्हत्या, एवढंच मला कळत होतं. मी काकांना तसं सांगितलं.

"गोळीने मन बिघडतं होय? पोट बिघडलं असतं तर समजलो असतो."

"काका, काकू म्हणाल्या, त्यांना गंगेची भीती वाटते."

काशीत जन्म गेलेला तो माणूस एकदम उभाच राहिला. त्याच दिवशी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गोळ्या थांबवल्या आणि काकूंना हिंदीत समजावलं, "सबको नहीं होता माताजी, पर कुछ औरतों का मन ऐसे ही बैठ जाता है. आपका कोई दोष नहीं. अकेली मत रहिए, और अगले हफ्ते फिर आइए." "दोष नहीं" ऐकल्यावर काकू पुन्हा रडल्या.

पाळी आली तेव्हा काका स्वतः सोवळं नेसून चुलीपुढे बसले. काकूंना बरं वाटायला काही आठवडे लागले. मला ते कळलं ते पुढच्या पाळीत वरच्या खोलीतून आलेल्या हाकेवरून: "अहो, भातात पाणी किती घातलंत? पितर पोहत यायचेत का?" काका इतके हसले की पळी हातातून पडली.

पदवी घेऊन गावी परतल्यावर मी त्यांना हे पत्र लिहिलं:

"ती. सौ. काकूंस शि. सा. न.

मी पास झालो. इथल्याच शाळेत शिक्षक म्हणून लागलो. एक गोष्ट तुमच्यासमोर बोलता आली नाही. गोळ्या मीच आणत होतो आणि तुम्ही पहिल्यांदा रडलात तेव्हा लाजून बाहेर गेलो. तेव्हाच विचारायला हवं होतं. मला क्षमा करा.

धाकटीचं लग्न ठरलं आहे. मुहूर्तासाठी घरात त्याच गोळीची गोष्ट निघाली. तुमचं नाव न घेता मी आईला सगळं सांगितलं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, असं ठरलं.

लग्नाला दोघंही या. लिहिताना कान तापलेत, तरी लिहितो: लग्नाच्या दिवसांत तुमची पाळी आली तरी या. तुमचं पान आईशेजारी, पंगतीतच मांडू."