विमानाचा पंखा आणि वाटीभर पाणी

महाल भागात माझं मिरची-हळद कांडपाचं दुकान आहे. त्यामुळे मोटरीच्या बाबतीत मला कोणी शिकवायला आलं की मला चालत नाही. मशीन थरथरायला लागलं की मी आधी पट्टा पाहते, मग पायाचे बोल्ट. तरी कळलं नाही तर मशीनजवळच्या ओट्यावर पाण्याने भरलेली वाटी ठेवते. पाण्यावर तरंग कसे उठतात ते पाहिलं की दोष किती आहे त्याचा अंदाज येतो. एवढं सगळं येत असून नवऱ्याच्या हातभर विमानाची थरथर मला कळेना, याचाच मला जास्त राग आला होता.

नवरा गेल्या वर्षी नोकरीतून निवृत्त झाला. रिमोटवर उडणारं, बॅटरीवरचं फोमचं विमान हा त्याचा जुना नाद. रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एका मोकळ्या मैदानावर तो दोन-चार मित्रांबरोबर ते उडवतो. हिवाळ्यात ते विमान नाकावर पडलं आणि मोटरीचा दांडा वाकला. नवीन मोटर आली, पंखा जुनाच चढला. तेव्हापासून वेग वाढवला की विमान हवेत कापरं भरल्यासारखं हलायचं आणि तो ते घाईने खाली आणायचा.

त्याच सुमारास एका सकाळी तो पेपर वाचत होता आणि पेपरचं उजवं टोक हलत होतं. मी वर पाहिलं. पंखा बंद होता.

"हात थरथरून राहिला तुमचा," मी म्हटलं.

"विमान धरून धरून. रोज छतावर टेस्ट करून राहिलो न मी. तेच हातात शिरते."

हे मला खोटं वाटलं नाही. मिरचीच्या दिवसांत संध्याकाळी माझेही हात गुणगुणत असतात, पोळी लाटताना लाटणं आपोआप चालल्यासारखं वाटतं. पण पुढच्या रविवारी मी डबा घेऊन मैदानावर गेले, तर त्याचा एक मित्र मला बाजूला घेऊन म्हणाला, "वहिनी, विमानाले काही झालं नाही. रिमोटवर भाऊचा अंगठाच जागेवर राहत नाही."

आता काय समजायचं? विमानामुळे हात थरथरतो, की हातामुळे विमान? दुकानात तिखट जोखताना माझं डोकं यातच गुंतलेलं असायचं. एका बाईला मी हळदीच्या पिशवीत धणे भरून दिले. ती घरून परत आली तेव्हा मला कळलं.

धंतोलीत मेंदू आणि नसांचे एक डॉक्टर आहेत. मी नंबर लावला. नवऱ्याने तो पुढे ढकलला.

"आधी विमान तर नीट होऊ दे. नाही तर डॉक्टरले काय दाखवू, हात का विमान?"

मला हसू आलं आणि मी ऐकलं. दुसऱ्यांदाही तेच झालं. तिसऱ्यांदा नंबर लावला तेव्हा मी ठरवलं, विमानच नीट करून टाकायचं, म्हणजे कारणच उरणार नाही.

डॉक्टरांकडे जायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकान बंद करून घरी आले. कूलर अजून माळ्यावरून उतरवायचा होता, त्याचा लोखंडी स्टँड छतावर रिकामा उभा होता. त्यावर नवऱ्याकडून विमान दोरीने बांधून घेतलं आणि शेजारी पाण्याची वाटी ठेवली. "आता द्या पूर्ण जोर."

त्याने रिमोटवरचा खटका पुढे सरकवून तसाच सोडून दिला. विमानाला कोणाचा हात नव्हता, रिमोटलाही नव्हता. तरी पाणी वाटीबाहेर उडालं.

मला एकदम हलकं वाटलं. दोष विमानातच होता! मी लगेच दुकानातली युक्ती काढली. सायकलच्या ट्यूबचे तुकडे कापून मोटरीखाली बसवले. चालू केल्यावर मोटर मान डोलवायला लागली आणि अर्धी वाटी रिकामी झाली.

"अवं, हे तुह्यं कांडप नाही," तो म्हणाला.

"मग काय आहे, ते तरी सांगा."

"ही मोटर जुनीपेक्षा जोरात फिरते. हिले छोटा पंखा लागते."

"जोर जास्त, तर पंखा मोठा पाहिजे न?"

"नाही. मोठा लावला तर मोटर तापते, पाती वाकतात. वरून याचं भोक मोठं, दांडा बारीक. मधोमध बसतच नाही तो."

जोरदार मोटरीला लहान पंखा, हे माझ्या डोक्यात काही केल्या शिरेना. पण त्याला सगळं माहीत होतं, हे मात्र शिरलं.

"मग लावा न छोटा."

"इथं भेटत नाही तो."

ट्यूबच्या नादात एक स्क्रू हरवला होता. दुसरा सापडतो का म्हणून मी मोटरीचा खोका उपडा केला. तळाच्या फोमखालून एक पाकीट पडलं, सील न फोडलेलं. आत लहान पंखा होता आणि दांड्यावर बसवायच्या बारीक रिंगाही.

"हे काय आहे?"

त्याने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "अरे. दिसलाच नाही."

हा माणूस भिंतीवरच्या घड्याळाच्या खोक्यातली खिळ्याची पुडीही जपून ठेवतो.

मी ट्यूबचे तुकडे काढून टाकले आणि तो लहान पंखा रिंग घालून स्वतः बसवला. वाटी परत भरली. पूर्ण जोर दिला, तर पाण्यावर बारीक सुरकुती आली, बस. आवाजही बदलला, एकसारखा झाला.

"झालं की!" मी म्हटलं. त्याला आनंद होईल असं वाटलं होतं.  पण त्याने मोटर बंद केली आणि पाणी फेकायला वाटी उचलली.

पंखा थांबलेला होता. वाटीतलं पाणी काठाकाठाने हलत होतं. तो पाहत होता, मीही पाहत होते. त्याने वाटी डाव्या हातात घेतली. पाणी थांबलं. परत उजव्या हातात घेतली, आणि मग कठड्यावरून पाणी खाली ओतून दिलं.

"उद्या दुकान उशिरा उघडजो," तो म्हणाला.

"काहून?" मला माहीत होतं, तरी विचारलं.

"धंतोलीत गर्दी राहते."

तो वाटी घेऊन खाली गेला. पाकिटाचं मी तेव्हा विचारलं नाही, आणि आता विचारून काय करायचं तेही कळत नाही. मी स्टँडवरून विमान सोडवायला घेतलं. गाठ त्याच्याच हातची होती, आणि इतकी घट्ट, की शेवटी मला ती दातांनी सोडवावी लागली.