बसून राहण्याचा सराव

नातवंडांनो, तुमची कुही गावची ताई, म्हणजे माझ्या भावाची नात, सैन्यात कॅप्टन आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला प्रोटोकॉल ऑफिसर व्हायचं होतं, हे मात्र मी कधी लिहिलं नाही. समारंभात कोण कुठे बसेल, कोण कुणाच्या आधी चालेल, पाहुण्यांची गाडी किती वाजता दारात थांबेल, हे सगळं ठरवणारा तो अधिकारी. त्याचं रीतसर प्रशिक्षण असतं आणि त्यासाठी निवड व्हावी लागते. तिचा अर्ज दोनदा परत आला होता. यंदा बोलावणं आलं. निवड समितीसमोर एका समारंभाचा आराखडा मांडायचा आणि त्यातला एक प्रसंग करून दाखवायचा. लवकरच तिची बदली सीमेवर व्हायची होती, त्यामुळे ही शेवटचीच संधी.

तिने प्रसंग निवडला तो शहीद जवानाच्या आईच्या सत्काराचा. जनरल आईजवळ जाऊन मानपत्र देणार, आईने खुर्चीतच बसून राहायचं.

सुट्टीत ती आमच्याकडे नागपूरला आली ती मोजायचा टेप घेऊनच. जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलं, फरशीवर खडूने खुणा केल्या. आई मी. जनरल तुमचे आजोबा, हातात मानपत्र म्हणून गुंडाळलेलं कॅलेंडर.

"आजी, तू फक्त बसून राहायचं. सोपं काम आहे."

मला हसू आलं. पाहुणा आला तरी बाईने खुर्चीतून उठायचं नसतं, हे आम्हाला कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं. पुढे शाळेत मीही मुलींना तेच शिकवलं.

आजोबा स्वयंपाकघरातून छाती काढून आले. आणि मी उठून उभी राहिले.

"उठून काहून राहिली वं आजी?"

"चुकून."

दुसऱ्यांदाही उठले. तिसऱ्यांदा खुर्चीचे हात घट्ट धरून बसले, तरी अर्धी उठलेच.

"लग्नाला पन्नास वर्षं झाली," आजोबा म्हणाले, "मला पाहून ही आज पहिल्यांदा उभी राहते आहे. कॅप्टन, तू रोज येत जा."

मी हसले, पण मनातून ओशाळले. नियम मला तोंडपाठ होता, माझ्या गुडघ्यांना मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

ताई चिडेल असं मला वाटलं. ती खडू घेऊन फरशीवर मांडी घालून बसली आणि बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत राहिली.

"तू एवढी इंग्रजी शिकलेली, अन् तुले बसवत नाही. मंग धानाच्या बांधीतून आलेल्या माउलीले मी काय सांगू? मागच्या समारंभात एक आई अशीच उठली. काठी घसरली, साहेबांनीच सावरलं. तं ती माफी मागून राहिली होती, आजी. लेकरू तिनं दिलं, अन् माफीबी तिनंच मागायची?"

मग तिने खडूची एक खूण पुसली आणि माझ्या शेजारी, जराशी तिरपी, आणखी एक खुर्ची ठेवली.

"आजोबा, समोरून नका येऊ. बाजूनं या, आधी इथं बसा. मानपत्र बसूनच द्या."

आजोबा आले, बसले. मी उठायला गेले तोवर ते शेजारी बसलेलेही होते. आता उठायचं कुणासाठी? मी बसून राहिले. त्या साध्या लाकडी खुर्चीकडे पाहतच राहिले. मी असते तर त्या आईलाच पुन्हा पुन्हा शिकवत बसले असते. या पोरीने आईला तसंच राहू दिलं आणि जनरलची वाट बदलली.

"हे नियमात बसतं का गं?"

"नाही," ती म्हणाली, आणि टेप गुंडाळू लागली.

निवडीच्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. समितीच्या अध्यक्षांनी नकाशातल्या दुसऱ्या खुर्चीवर बोट ठेवून विचारलं, "ये किसके लिए?"

"आपके लिए, सर."

मग ते उठले. आईच्या जागी तिथल्या साफसफाईच्या मावशींना बसवलं होतं. साहेब स्वतःच जनरल होऊन बाजूने आले आणि बसले. मावशी अर्ध्या उठल्या, त्यांना बसलेलं पाहिलं आणि परत टेकल्या. साहेबांनी त्यांचं गाव विचारलं, मुलंबाळं विचारली. मानपत्र द्यायचंच राहिलं.

"मग निकाल?" मला धीर धरवेना.

"निवड झाली वं आजी. साहेब म्हणाले, तिथं ट्रेनिंगमंदी कोणी ही खुर्ची काढाले लावली, तं सरळ मले फोन कर."